डॉ. कमल रणदिवे : दूध, सुपारी आणि पेशी

उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला गेलेला मराठी माणूस सहसा गोपाळ मंदिराकडेही वळतो. शिंदे घराण्यातील बायजाबाईंनी एकोणिसाव्या शतकात उभारलेले ते मंदिर, समोरचा छत्री चौक आणि भोवतालचा दाटीवाटीचा बाजार पाहताना माळवा परका वाटत नाही. काही वर्षांपूर्वी त्या चौकात उभा असताना माझे लक्ष एका पानाच्या टपरीकडे गेले. सुपारीच्या पुड्यांच्या माळा तोरणासारख्या लोंबत होत्या. एक गृहस्थ तंबाखू नसलेल्या गोड सुपारीची पुडी फोडून आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीच्या हातावर ठेवत होते आणि आसपासच्या कोणालाही त्यात काही वावगे वाटत नव्हते. फोंड्याच्या कुळागरांत वाढलेल्या माझ्यासारख्यालाही एकेकाळी वाटले नसते. पोफळी शिंपणे, सुपाऱ्या वाळत घालणे, सोलणे आणि कातरणे ही आमच्या लेखी घरचीच कामे. लग्नाची बोलणी पक्की करायची ती सुपारी फोडून आणि गणपती मांडायचा तोही सुपारीचा. अशा मंगल वस्तूवर संशय कोण घेणार?

तो संशय ज्यांनी प्रयोगशाळेच्या मेजावर आणला, त्यांत एका मराठी स्त्रीचे नाव ठळक आहे. डॉ. कमल रणदिवे यांचे. त्यांच्या निधनाला आता दोन तपे उलटून गेली. पद्मभूषण, मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्राच्या प्रमुख, भारतीय महिला शास्त्रज्ञांच्या संघटनेच्या संस्थापक एवढी ओळख अनेकांना असते. पण त्यांच्या आयुष्यभराच्या कामामागे एकच प्रश्न होता, तो फारसा सांगितला जात नाही. कर्करोग बाहेरून येणाऱ्या रसायनाने होतो, शरीरात शिरलेल्या विषाणूने होतो, की आईबापांकडून आलेल्या रक्ताने? आणि तिन्हीही खरे असतील, तर ते एकमेकांशी कसे वागतात? सुपारी हा त्या प्रश्नाचा पुष्कळ उशिराचा अध्याय आहे. सुरुवात झाली ती उंदरांच्या दुधापासून.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ हे जीवशास्त्रज्ञ आणि फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापक. मुलग्यांइतकेच मुलींनीही शिकले पाहिजे, हा आग्रह त्या घरात बोलण्यापुरता नव्हता. कमल हुजूरपागेत शिकली आणि हुशार म्हणून ओळखली गेली. मुलीने वैद्यकाचे शिक्षण घ्यावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, असे वडिलांच्या मनात होते. मुलीने दोन्ही गोष्टी नाकारल्या. फर्ग्युसनमध्ये तिने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले व विशेष प्रावीण्यासह पदवी मिळवली. पुढे पुण्याच्याच कृषी महाविद्यालयातून पदव्युत्तर अभ्यास केला आणि १९४३ मध्ये एम.एस्सी. पूर्ण केली. त्या अभ्यासाचा विषय सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी आणि त्यांतील गुणसूत्रे हा होता. सीताफळापासून कर्करोगापर्यंतचे अंतर वाटते तितके मोठे नाही. दोन्हीकडे पाहायचे असते ते पेशी दुभंगताना तिच्या पोटात काय घडते तेच.

१३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह जयसिंग रणदिवे यांच्याशी झाला. ते गणिती होते. पत्नीच्या पदव्युत्तर अभ्यासात त्यांनी मनापासून साहाय्य केले. त्या पिढीतल्या विदुषींच्या चरित्रांत नवऱ्याच्या परवानगीचा उल्लेख वारंवार येतो. इथे परवानगीपलीकडची सोबत होती आणि पुढच्या कामाचा पल्ला पाहता ती लहान गोष्ट नव्हती. लग्नानंतर बिऱ्हाड मुंबईला आले. वैद्यकाकडे पाठ फिरवलेल्या या मुलीला मुंबईने नेऊन उभे केले ते मात्र रुग्णालयाच्याच दारात.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले होते. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, ते हेच. वेंगुर्ल्याजवळच्या खानोलीचे नाव आडनावात मिरवणारे खानोलकर रोगाकडे पाहताना सूक्ष्मदर्शकाच्या नळीबाहेरही पाहत. माणूस काय खातो, काय चघळतो, कसे कपडे नेसतो, याची नोंद ते गाठीच्या वर्णनाइतक्याच काळजीने करीत. १९४५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्याने भारतीय सवयींशी निगडित अशा तीन कर्करोगांचे वर्णन प्रसिद्ध केले : धोतर घट्ट आवळल्याने कमरेच्या कातडीवर होणारा, चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढल्याने टाळूला होणारा आणि खैनी ओठामागे दाबून ठेवल्याने होणारा. अशा गुरूच्या हाताखाली कमल रणदिवे यांनी संशोधनाला आरंभ केला आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

त्या काळी कर्करोगाच्या अभ्यासकांत दोन तट पडलेले होते. एक रसायनवाद्यांचा. लंडनच्या शल्यवैद्य पॉट यांनी १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या कर्करोगाचे खापर काजळीवर फोडले होते. जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर चोपडून १९१५ मध्ये प्रत्यक्ष कर्करोग उत्पन्न करून दाखवला. दुसरा तट विषाणूवाद्यांचा. अमेरिकेत पेटन राऊस यांनी १९११ मध्ये कोंबडीच्या गाठीचा अर्क जिवाणूही अडकतील अशा गाळणीतून गाळून दुसऱ्या कोंबडीला टोचला आणि तिलाही तशीच गाठ झाली. कोंबड्यांचे खरे ते माणसांचेही खरे कशावरून, म्हणून त्यांच्याकडे कित्येक वर्षे दुर्लक्ष झाले. नोबेल मिळाले ते १९६६ मध्ये, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी.

राऊस यांचाच आणखी एक प्रयोग आहे आणि माझ्या मते तो त्या कोंबडीहून मोलाचा आहे. १९३० च्या दशकात त्यांनी किड या सहकाऱ्याबरोबर सशांच्या कानांना डांबर लावले आणि मग त्याच सशांच्या रक्तात चामखीळ उत्पन्न करणारा एक विषाणू सोडला. विषाणू रक्तातून सगळीकडे फिरला, पण कर्करोग उठले ते नेमके डांबर लावलेल्या जागी आणि एरवीपेक्षा पुष्कळ लवकर. नुसत्या डांबराने किंवा नुसत्या विषाणूने जे दीर्घकाळात आणि क्वचित घडले असते, ते दोघांच्या संगतीने झपाट्याने घडले. म्हणजे दोन तटांत भांडण लावण्याचे कारणच नव्हते. पण हे उमजायला शास्त्राला आणखी बरीच वर्षे लागली.

रणदिवेबाईंच्या हाती आले ते उंदीर. पिढ्यान्पिढ्या सख्ख्या भावंडांत प्रजनन करून एकसारखे केलेले उंदरांचे वाण तेव्हा प्रयोगशाळांत वापरले जाऊ लागले होते. काही वाणांच्या माद्यांना हमखास स्तनाचा कर्करोग होई, तर काहींना क्वचितच. सरळ दिसणारे अनुमान हे की रोग रक्तातून, म्हणजे जनुकांतून येतो. अमेरिकेतील बिटनर यांनी १९३६ मध्ये त्याला छेद दिला. रोगप्रवण वाणाची पिल्ले जन्मताच त्यांनी निरोगी वाणाच्या माद्यांकडे दूध प्यायला दिली. मोठेपणी त्या पिल्लांत कर्करोगाचे प्रमाण एकदम खाली आले. रोगाचे बीज रक्तातून नव्हे, दुधातून येत होते. दुधातला हा घटक पुढे विषाणू ठरला. तरी कोडे सुटले नाही. दूध तेच असूनही काही वाण दाद देत नसत. नर पिल्लेही तेच दूध पीत, पण त्यांना सहसा रोग होत नसे, मात्र त्यांना स्त्रीसंप्रेरके टोचली की होई.

म्हणजे विषाणू हवा, त्याला रुजू देणारा जनुकांचा वारसा हवा आणि संप्रेरकांचे खतपाणीही हवे. रणदिवेबाईंनी आपली उमेदीची वर्षे नेमक्या याच जागी घातली. रोगप्रवणता कमी-अधिक असलेल्या वाणांच्या स्तनग्रंथी आणि अंडाशय त्यांनी वयाच्या टप्प्याटप्प्यांवर तपासले, एकमेकांशी ताडून पाहिले आणि गाठ दिसू लागण्याच्या कितीतरी आधी पेशींत काय बदलते, याचा माग काढला. रोगाची प्रवृत्ती, संप्रेरके आणि विषाणू यांचे नाते दाखवून देणे हे त्यांचे मुख्य शास्त्रीय कार्य म्हणून आजही सांगितले जाते. हे काम कसे चालत असेल, याची कल्पना करून पाहावी. मुंबईच्या दमट उकाड्यात शेकडो उंदीर पिढ्यान्पिढ्या जगवायचे, कोणाची आई कोण आणि कोणी कोणाचे दूध प्याले याची वही चुकू द्यायची नाही आणि दोन-दोन वर्षे थांबायचे. उंदराचे आयुष्यच तेवढे. एक साथ आली की सगळे मुसळ केरात.

खानोलकरांच्या प्रोत्साहनाने त्या अमेरिकेला गेल्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. शरीराबाहेर काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवणे आणि वाढवणे, हे ते तंत्र. आज औषधांच्या कारखान्यांतही ते नित्याचे आहे, पण त्या काळी ती जवळजवळ हस्तकला होती. कोंबडीच्या रक्तातील द्रव, गाईच्या गर्भाचा अर्क आणि मानवी नाळेतील रक्तजल मिसळून पेशींसाठी जेवण बनवायचे आणि नळ्या संथपणे फिरत्या ठेवायच्या. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी वाढल्या. तिला न विचारता घेतलेल्या त्या पेशी हेला या नावाने जगभर गेल्या आणि आजही वाढत आहेत. त्या पेशींच्या पोटात एका विषाणूची जनुके दडलेली आहेत, हे तेव्हा गाय यांनाही ठाऊक नव्हते. ती हकीकत पुढे येईल.

अमेरिकेत राहणे त्यांना अवघड नव्हते. त्या परत आल्या आणि १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून काम करू लागल्या. परळच्या या केंद्रात त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ऊतिसंवर्धनाची देशातली ही पहिली प्रयोगशाळा मानली जाते. पेशींचे पोषकद्रव परदेशातून मागवायचे तर पैसा आणि वेळ दोन्ही जात. म्हणून १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी जीवशास्त्र व रसायनशास्त्राच्या तरुण पदवीधरांना हाताशी धरून ते केंद्रातच बनवायला सुरुवात केली. पुढे रसायनजन्य कर्करोग, पेशीविज्ञान आणि प्रतिकारशास्त्र या विषयांचे नवे विभाग त्यांनी सुरू केले. केंद्रात वाढवलेल्या उंदरांच्या एका वाणाला केंद्राचेच इंग्रजी आद्याक्षरी नाव मिळाले, आयसीआरसी. या वाणातील माद्यांना स्तनाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात होतो. शिवाय त्यांत अन्ननलिका फुगण्याचा आनुवंशिक दोष आढळला आणि अन्ननलिकेच्या विकारांच्या अभ्यासालाही तो वाण उपयोगी पडला.

कुष्ठरोगाचे त्यांचे काम हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. गोव्यात फ्रोइलानो दे मेलो यांनी माकाझानला कुष्ठधाम उभारले, त्या आठवणी ज्यांना आहेत त्यांना ते जवळचे वाटेल. चा. वि. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून मिळालेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे प्रसिद्ध केले. कुष्ठरोगाचा जंतू शरीराबाहेर वाढत नाही, ही शास्त्रज्ञांची जुनी अडचण. त्यामुळे या बातमीने खळबळ उडाली. मिळालेला जंतू कुष्ठरोगाचा नसून त्याच्या एका दूरच्या भाऊबंदाचा, हे मत पुढे रूढ झाले. तरीही त्याच्यापासून बनवलेल्या लसीने १९९० च्या दशकात दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत बऱ्यापैकी संरक्षण दिले. १९६४ मध्ये त्यांना वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कारही त्याच वर्षीचा.

१९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या कार्यवाहक संचालकपदाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. याच वर्षांत त्यांच्या जुन्या प्रश्नाला जगभर नवी धार चढली. १९६९ मध्ये अमेरिकेतील ह्यूबनर आणि टोडारो यांनी असे अनुमान मांडले की विषाणूची जनुके प्राण्यांच्या पेशींत पिढ्यान्पिढ्या निद्रिस्त पडून असतात आणि रसायने किंवा किरण त्यांना जागे करतात. त्याच वर्षी नेदरलँड्समधील संशोधकांनी ज्या उंदरांत दुधाच्या विषाणूचा मागमूस नव्हता, त्यांना क्ष-किरण आणि युरेथेन हे रसायन दिले. त्यांना झालेल्या गाठींत विषाणू प्रकट झाला. तो बाहेरून आला नव्हता. उंदराच्या स्वतःच्या गुणसूत्रांतच तो वारसाहक्काने बसलेला होता.

ह्यूबनर-टोडारो यांचे अनुमान जसेच्या तसे टिकले नाही. १९७६ मध्ये बिशप आणि व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की राऊस यांच्या विषाणूतील कर्करोगकारक जनुक हे मुळात कोंबडीचेच. विषाणूने ते कधीकाळी पेशीकडून उचलले होते. म्हणजे घरात चोर शिरलेला नव्हता, घरातलीच वस्तू बिघडलेली होती. रसायनाने ती बिघडू शकते आणि विषाणूनेही. उंदराच्या दुधातील विषाणूची गंमत आणखी वेगळी निघाली. त्याच्यापाशी कर्करोगाचे स्वतःचे जनुक नाही. तो आपली प्रत पेशीच्या गुणसूत्रांत कोठेतरी घुसवतो आणि ती वाढीच्या एखाद्या जनुकाशेजारी पडली की ते जनुक अवेळी चालू होते. त्याच्या जनुकसाखळीच्या टोकाशी संप्रेरकांना दाद देणारी एक कळ असते. गर्भारपणात आणि स्तनपानाच्या काळात ती दाबली जाते आणि विषाणू जोमाने वाढतो. नर पिल्लांना रोग का होत नसे, याचा उलगडा रणदिवेबाईंनी उंदरांच्या वह्या भरायला सुरुवात केल्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी रेणूंच्या पातळीवर झाला. तो त्यांनी केला नाही. मात्र उत्तर कोणत्या दिशेला आहे, हे त्यांच्या वह्यांत आधीच दिसत होते.

उंदरांचे दूध हा प्रश्न माणसांपर्यंत येणार हे उघड होते. मुंबईत पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा लक्षणीय जास्त होते. लहान समाज, आपसांतली लग्ने, उंदरांच्या वाणाशी साम्य कोणालाही सुचावे असे. रणदिवेबाईंच्या केंद्रातील सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रयोगशाळा उभारली होती. १९७१ मध्ये अमेरिकेतील डॅन मूर यांच्या चमूने सिरसाट व टाटा रुग्णालयातील पेमास्टर यांच्यासह पारशी मातांच्या दुधाची तपासणी प्रसिद्ध केली. त्या दुधात उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण इतरांच्या दुधापेक्षा अधिक वेळा दिसल्याचे त्यांनी मांडले. बातमी जगभर गेली. आईने बाळाला पाजावे की नाही, अशी चिंता अमेरिकेतही उठली. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. दुधातून आईकडून मुलीकडे जाणारा स्तनकर्करोगाचा विषाणू माणसात सिद्ध झालेला नाही आणि स्तनपान आईला या रोगापासून काही अंशी संरक्षणच देते, हे आता पक्के आहे. शास्त्रातली चुकलेली वाट म्हणून या प्रकरणाकडे पाहिले जाते. मला त्यात नामुष्की वाटत नाही. संशय रास्त होता, तो तपासला गेला, खोटा ठरला आणि सोडून दिला गेला. मनातला संशय न तपासता वर्षानुवर्षे बाळगणे हे त्याहून फार वाईट.

आणि आता सुपारी. तोंडाच्या कर्करोगाचे खापर भारतात प्रामुख्याने तंबाखूवर फोडले जाई आणि ते योग्यच होते. खानोलकर, संघवी आणि राव यांनी १९५५ मध्ये तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंडा-घशाचे कर्करोग यांचा संबंध आकड्यांनी मांडला होता. पण विड्यात तंबाखू एकटी नसते. पान, चुना, कात, सुपारी यांतले दोषी कोण, हे माणसांच्या पाहणीतून वेगळे काढणे कठीण, कारण माणसे सगळे एकत्रच चघळतात. रणदिवेबाई आणि त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी हॅमस्टर निवडला. या उंदरासारख्या प्राण्याच्या दोन्ही गालांत दाणे साठवण्याची पिशवी असते. तिच्या आतल्या त्वचेला एकेका पदार्थाचा अर्क महिनोन्महिने लावायचा आणि वाट पाहायची. सशाच्या कानावर डांबर चोपडणाऱ्या जपानी संशोधकांचीच ही परंपरा. फक्त इथे डांबराच्या जागी आपल्या देवघरातली वस्तू होती.

१९७६ आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांचा मथितार्थ असा की तंबाखूविना नुसत्या सुपारीच्या अर्कानेही हॅमस्टरच्या गालात गाठी उत्पन्न होतात. सुपारी दोषी नाही, दोष तिच्या शेजारणीचा, ही समजूत त्या प्रयोगांपुढे टिकत नव्हती. सुपारीतील अॅरेकोलिन इत्यादी द्रव्यांपासून लाळेत नायट्रोसअमाइन वर्गातील घातक रसायने तयार होतात आणि चुन्याच्या सान्निध्यात सुपारीतील घटकांपासून पेशींना इजा करणारे प्राणवायूचे उग्र रेणू निघतात, हे पुढच्या अभ्यासांनी दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखू घातलेल्या विड्याला १९८५ मध्येच कर्करोगकारक ठरवले होते. सुपारीला स्वतंत्रपणे त्या यादीत घातल्याचा ग्रंथ आला तो २००४ मध्ये. परळच्या हॅमस्टरांनी कौल दिल्याला तोवर पाव शतक होऊन गेले होते आणि रणदिवेबाई हयात नव्हत्या. फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोणच्या कुळागरांवर जगणाऱ्या आपल्या लोकांना हे वाचणे सुखाचे नाही, याची मला कल्पना आहे. मीही त्यांतलाच. पोफळीचे उत्पन्न हा संसाराचा आधार असलेली घरे माझ्या नात्यात आहेत. म्हणून उज्जैनच्या चौकातल्या त्या मुलीच्या हातावरची पुडी आपल्या बागेतली असू शकते, हे लपवता मात्र येत नाही.

रसायन आणि विषाणू यांची गाठ माणसात नेमकी कशी पडते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण शेवटी गाय यांच्या त्या पेशींतूनच मिळाले. १९८० च्या दशकात जर्मनीतील झूर हाउझेन यांच्या चमूला गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूची जनुके सापडली. हेला पेशींतही ती निघाली. राऊस यांच्या सशांना चामखिळी देणाऱ्या विषाणूचाच हा कुळबांधव. एरवी पेशीतील जनुकांना रसायनाने इजा झाली की पी-५३ नावाचे प्रथिन पहारेकऱ्यासारखे आडवे येते. ते पेशीची वाढ थांबवते, दुरुस्तीला वेळ देते आणि दुरुस्ती जमत नसेल तर पेशीला मरू देते. पॅपिलोमा विषाणूचे एक जनुक या पहारेकऱ्याचाच काटा काढते. दुसरे जनुक पेशीविभाजनाचा लगाम सोडते. अशा पेशीवर तंबाखूच्या धुरातील रसायनांचा मारा झाला, तर झालेली इजा न सुधारता पुढच्या पेशींत जाते आणि साचत राहते. या विषाणूची लागण झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग होत नाही. धूम्रपान करणाऱ्या लागणग्रस्त स्त्रीला मात्र धोका वाढतो. डांबर लावलेल्या सशाच्या कानावर दिसले होते, तेच पन्नास वर्षांनी जनुकांच्या भाषेत वाचता आले. सुदैवाने या विषाणूवर आता लस आहे. सुपारीवर कसली लस?

रणदिवेबाईंच्या नावावर जग हलवून सोडणारा एखादा शोध नाही, हे मान्य केले पाहिजे. दोनशेहून अधिक निबंध आहेत, घडवलेले विद्यार्थी आहेत आणि शून्यातून उभ्या केलेल्या प्रयोगशाळा आहेत. त्यांतले मोठे सामर्थ्य असे की एकाच कारणाचा हट्ट त्यांनी कधी धरला नाही. विषाणूचा बोलबाला होता तेव्हा त्या रसायने तपासत होत्या आणि रसायनांवर सारे एकवटले तेव्हाही संप्रेरकांना विसरल्या नाहीत.

प्रयोगशाळेत शिरू पाहणाऱ्या तरुण स्त्रियांना काय काय ओलांडावे लागते, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. १९७३ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. देशात तिच्या अकरा शाखा झाल्या. संघटनेने भाषणांपेक्षा नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृहे आणि मुलांसाठी पाळणाघरे काढली. सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या आईचे मूल दुपारी कोणाजवळ असेल, या प्रश्नाचे उत्तर परिसंवादातून मिळत नाही, हे त्यांना नक्की ठाऊक असावे. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

निवृत्तीनंतर त्यांनी जी जागा निवडली ती अनपेक्षित होती. अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यांत, सत्यनिकेतन या संस्थेबरोबर त्यांनी १९८९ मध्ये मुलांच्या पोषणाची पाहणी केली. गावोगावच्या स्त्रियांना आरोग्याचे आणि कर्करोगाच्या लक्षणांचे शिक्षण देण्याचे कामही त्यांनी संघटनेमार्फत केले. पीएच.डी.साठी उंदरांच्या पिल्लांनी कोणाचे दूध प्याले याची नोंद ठेवणाऱ्या बाई सत्तरी ओलांडल्यावर माणसांच्या मुलांना पुरेसे खायला मिळते की नाही, याची नोंद करीत फिरत होत्या.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. २०२१ साली त्यांच्या जन्मदिनी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या रणदिवेबाईंचे चित्र झळकवले, तेव्हा पुष्कळ तरुणांनी त्यांचे नाव पहिल्यांदा ऐकले. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, २००२ मध्ये, त्यांची संस्था परळहून नवी मुंबईत खारघरला हलली. सामान हलवताना सूक्ष्मदर्शक गेले, कपाटे गेली आणि आयसीआरसी उंदरांचा तो वाणही गेला. खारघरच्या प्राणिगृहात त्याची पैदास आजही राखली जाते.